बँकेला कळवते

"मॅडम, तुम्हीच आला होतात ना आमचं घर बघायला?"

जुलैतली सकाळ होती, साडेसात वाजले असतील. नंबर ओळखीचा नव्हता. बाईंच्या आवाजात राग असता तर मी दोन वाक्यांत फोन आटोपला असता, पण राग नव्हता. "रात्री किचनचं छत खाली आलं. सगळं नाही, ओट्याच्या वरचं. झोपलो होतो म्हणून वाचलो. मॅडम, तुम्ही तिथेच किल्लीने वाजवून बघितलं होतंत. मला चांगलं आठवतंय. मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हणाले, "ताई, आमचा रिपोर्ट बँकेला जातो." त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग "हो, बँकेला," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस मला छतापेक्षा ती किल्लीच जास्त छळत राहिली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी माझा हात बघितला होता आणि तो लक्षात ठेवला होता.

मी व्हॅल्युअर आहे. बँकेच्या पॅनेलवर. गृहकर्जाचा अर्ज आला की बँक मला घर बघायला पाठवते आणि मी त्या घराची किंमत लिहून देते. १८ वर्षं हेच करते आहे. किती घरं पाहिली याचा हिशेब आता राहिलेला नाही, पण ते घर आठवायला मला फाईल उघडावी लागली नाही. पुण्यात धनकवडीतली २७ वर्षांची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, जिन्यात प्रत्येक दारासमोर चपलांचं कपाट. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. घरात शिरल्या शिरल्या रंगाचा वास आला. भिंती जुन्याच होत्या, कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन होते, मुलांची उंची पेन्सिलने मांडलेली होती. रंग फक्त किचनच्या छताला दिला होता. पांढराशुभ्र, डोळ्यांत भरणारा. विकणारे काका बाहेरच्या खोलीत एजंटबरोबर बसले होते. घेणारे नवरा-बायको माझ्या मागे मागे फिरत होते. तो एका कंपनीची बस चालवायचा, ती घरून डबे द्यायची. किचनमध्ये ती ओट्यावर वीत टाकून मोजत होती, चार शेगड्यांची भट्टी बसेल का, पोळ्या लाटायला बाईला कुठे बसवता येईल. मी स्टुलावर चढून किल्लीने छत वाजवलं. खिडकीच्या बाजूला आवाज भरीव आला. ओट्यावर आले आणि आवाज बदलला. बद, बद. मातीचं रिकामं मडकं वाजवावं तसा. गवंडी याला म्हणतात, प्लास्टर सुटलंय. गच्चीवरच्या कोब्यातून पाणी मुरतं, स्लॅबमधल्या सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. वरून रंग मारला की दिसत काहीच नाही. ऐकू मात्र येतं.

मी स्टुलावरून उतरले, किल्ली पर्समध्ये टाकली. तेव्हा तिने विचारलं, "घर चांगलं आहे ना मॅडम?"

"बँकेला कळवते," मी म्हणाले.

हे उत्तर मी हजारदा दिलं असेल. तिने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला. चेहरा उजळला आणि ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, होतंय." मी ते ऐकलं. ऐकून जिना उतरले.

आता मी बँकेला काय कळवलं तेही सांगते, कारण मी लपवलं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की किचनच्या छताला अलीकडे रंग दिलेला आहे, प्लास्टर काही ठिकाणी पोकळ आहे, गच्चीकडून पाणी मुरत असण्याची शक्यता आहे. इमारतीचं उरलेलं आयुष्य हिशेबाने ३३ वर्षं निघत होतं, ते मी २८ लिहिलं. बँकेच्या दृष्टीने माझं काम तिथे चोख झालं. २० वर्षांचं कर्ज होतं. कर्ज फिटेपर्यंत इमारत उभी राहणार का आणि मध्येच हप्ते थकले तर घर विकून पैसे वसूल होणार का, या दोनच गोष्टी बँकेला माझ्याकडून हव्या असतात. दोन्हींचं उत्तर हो होतं. ४६ लाखांचं घर, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ३६ लाख ८० हजार. मधले ९ लाख २० हजार घेणाऱ्याने स्वतःचे घालायचे. छताच्या दुरुस्तीला दीड लाख लागो की दोन लाख, बँकेचा पैसा त्या ९ लाख २० हजारांच्या मागे सुरक्षित बसलेला असतो. आधी बुडणार ते त्या बाईचे डब्यांचे पैसे. एकच पोकळी बँकेच्या कागदावर शेऱ्याची एक ओळ होती आणि तिच्या संसारात अख्खं वर्ष होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझी फी मात्र तीच भरते. प्रोसेसिंगच्या पैशांत ती धरलेली असते. घराच्या मालकीची कागदपत्रं तपासून सर्च रिपोर्ट काढणाऱ्या वकिलाचंही तसंच. दोन जाणकार माणसं तिच्या पैशाने तिच्याच घराभोवती फिरून जातात, एक कागद बघतो, एक भिंती बघते आणि दोघंही तिच्यासाठी आलेले नसतात. पण आपल्याकडे लोक काय म्हणतात? "बँकेने लोन दिलंय म्हणजे बघूनच दिलं असेल." हे वाक्य मी लग्नांत ऐकलंय, बसमध्ये ऐकलंय, माझ्या सख्ख्या मावशीकडून ऐकलंय. माझ्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा अहवाल फक्त बँकेच्या वापरासाठी आहे, अन्य कोणी त्यावर विसंबल्यास मूल्यांकनकार जबाबदार नाही. ज्याला हे वाचायची गरज आहे त्याच्या हातात तो रिपोर्ट सहसा पडतच नाही.

घेणाऱ्याशी काही बोलायचं नाही हा नियम मी मुकाट पाळत आले, आणि त्यालाही कारण आहे. धंद्यात नवीन असताना मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर घराच्या दाराशी मला थांबवून सांगायचे, "आत गेल्यावर 'छान' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही." मला ते फार कोरडं वाटायचं. एकदा पर्वतीच्या पायथ्याला एका घरात गेले. सकाळचं ऊन बाल्कनीतून थेट देवघरापर्यंत आलं होतं. मी सहज म्हणून गेले, "काय छान घर आहे हो!" सात-आठ महिन्यांनी त्या घराचे मालक माझ्या ऑफिसात आले. इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे राहायला लागायची सरकारी परवानगी नव्हती, बिल्डरने सोसायटीला कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत नावावर करून दिलेली नव्हती आणि ते मला विचारत होते, "मॅडम, तुम्हीच छान म्हणालात ना?" मी उजेडाबद्दल बोलले होते. त्यांनी तो जाणकाराचा निवाडा समजून घरात जपून ठेवला होता. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. वीस-पंचवीस मिनिटांच्या पाहणीत मी भिंत फोडू शकत नाही, फरशी उचलू शकत नाही, स्लॅबचा गाभा काढून तपासू शकत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट वेगळी गोष्ट, त्याला वेगळी माणसं आणि वेगळी यंत्रं लागतात. मी "चांगलं आहे" म्हटलं तर जे पाहिलंच नाही त्याचीही हमी दिल्यासारखं होतं. शिवाय एजंट तिथेच उभा असतो. माझ्या तोंडचा अर्धा शब्द तो दहा गिऱ्हाइकांना विकतो.

आणि घेणाऱ्याला खरंच सगळं ऐकायचं असतं का? कोथरूडला एका घराची किंमत मी ठरलेल्या व्यवहारापेक्षा ५ लाखांनी कमी लिहिली. ६२ लाखांचा व्यवहार, माझे ५७. बँक दोन्हींतला कमी आकडा धरते, त्यामुळे कर्ज ४ लाखांनी खाली आलं. घेणाऱ्याने मला फोनवर नको नको ते ऐकवलं. तुम्ही पाच लाख जास्त देताय, हे त्या आकड्यात लिहिलेलं होतं, पण त्याने टोकन दिलं होतं, पत्रिका पाहिली होती, बायकोने पडद्यांचं कापड निवडलं होतं. त्याला मी आडवी आलेली वाटले. अशा दोन-चार अनुभवांनंतर माणूस आपल्या रकान्यात राहायला शिकतो.

पण मी मूळची आटपाडीकडची. आमच्याकडे जाणता माणूस म्हणजे काय ते मी लहानपणी खरसुंडीच्या जत्रेत बघितलं होतं. वडिलांना खिलार खोंड घ्यायचा होता. त्यांना जनावरातलं कळायचं, पण इतकंही नाही, म्हणून वाडीवरच्या आबांना बरोबर घेतलं. बाजारात धुरळा, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, शिंगांना लावलेला हिंगूळ, रुमालाखाली बोटं धरून चाललेले सौदे. आबांनी एका देखण्या खोंडाचा जबडा उघडून दात बघितले, खुरं बघितली, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "चालवा जरा. त्या उतारावरनं." खोंड दोनदा खालीवर केला. आबा वडिलांकडे वळले आणि मालकाच्या देखत, आवाज न चढवता म्हणाले, "डावा मागचा पाय उचलून टाकतोय. खोड हाय." मालक उसळला. आबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. घेऊ नका असंही वडिलांना म्हणाले नाहीत. फक्त पाहिलं ते सांगितलं आणि बाजूला होऊन पानाची चंची सोडली. वडिलांनी तोच खोंड घेतला, भाव पाडून. पुढे बरीच वर्षं तो आमच्या दावणीला होता, जड ओढणीला त्याला आम्ही कधी जुंपला नाही. आबांना त्या दिवशी चहा आणि भजी मिळाली, बाकी काही नाही. त्यांना पाठवणारा कोण आणि पैसे देणारा कोण असा घोळच नव्हता. ते आमच्याबरोबर आले होते.

मी कोणाबरोबर जाते?

त्या फोननंतर मी रात्री पुस्तकं काढून बसले. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण दक्षतेने कळणार नाही असा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो. इतक्या जुन्या कायद्यात ही गोष्ट इतकी स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे पहिलं उत्तर द्यायला हवं होतं ते रंग मारणाऱ्या काकांनी. रेरातली, म्हणजे बिल्डरांवरच्या नव्या कायद्यातली पाच वर्षांची दोषहमी बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घराला, जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत तिचा उपयोग नाही. मला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. कारण मी दुसऱ्या कोणाचं तरी नाव शोधत होते.

मग वकील मित्राने मला इंग्लंडमधला एक खटला वाचायला दिला. नॉरिच शहरातल्या एका बाईंनी १८,००० पौंडांना साधं घर घेतलं. कर्ज देणाऱ्या संस्थेने पाहणीला माणूस पाठवला, त्याची फी ३६ पौंड ८९ पेन्स, बाईंनीच भरलेली. मोठ्या दुरुस्तीची गरज नाही, असा त्याचा अहवाल. दीड वर्षाने छपराखालच्या धुराड्याचं बांधकाम माळ्यातून झोपायच्या खोलीत कोसळलं. आधी कोणीतरी खोल्या मोठ्या करायला धुराड्याचा खालचा भाग काढून टाकला होता. पाहणी करणाऱ्याने तेवढं बघितलं होतं, वर उरलेल्या भागाला टेकू आहे का हे बघितलं नव्हतं. त्याच्या अहवालावरही माझ्यासारखीच जबाबदारी झटकणारी ओळ होती. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती ओळ मानली नाही. साधं घर घेणारा माणूस या पाहणीवर विसंबतो, तिचे पैसे तोच भरतो आणि पाहणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, असं न्यायाधीश म्हणाले. मोठमोठ्या व्यापारी इमारतींना हे असंच लागू होईल असं समजू नका, हेही त्यांनी बजावलं. मी तो निकाल दोनदा वाचला. त्या बाईंच्या हातात अहवालाची प्रत तरी दिलेली होती. आणि त्या माणसाने वर बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं, वाजवलं होतं, ऐकलं होतं.

माझं मन अडकलंय ते इथे. जे मी शोधायला गेलेच नव्हते, जे भिंतीच्या पोटात होतं आणि मला दिसणं शक्यच नव्हतं, त्याची जबाबदारी माझ्यावर टाकणं अन्यायाचं आहे आणि उद्या कोणी टाकली तर मी भांडेन. पण जे माझ्या कानात शिरलं, ते बँकेसाठी ऐकलं आणि तिच्यासाठी ऐकलं नाही, अशी वाटणी कानात कशी करायची? कान तर एकच होते.

दहा दिवसांनी मी त्या घरी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. जिना चढताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. दार त्यांनीच उघडलं, ओळखलं, "या" म्हणाल्या. पाऊस लागून राहिला होता. किचनमध्ये ओट्यावर निळी ताडपत्री बांधलेली, तिच्या पोटात पाणी साठून फुगा आलेला, खाली बादली. भट्टी बाहेरच्या खोलीत हलवली होती आणि सोफ्यावर स्टीलचे डबे मांडलेले. ताडपत्री बाजूला करून मी वर बघितलं. छताला दोन परातींएवढं भगदाड, आत सळया तांबूस, बोटाने घासलं तर गंजाचे पापुद्रे हातात येत होते. मला पुस्तकातलं सगळं समोर दिसत होतं. मी त्यांना सांगितलं की सुटलेलं सगळं पाडायला लावा, उरलेलं अंगावर पडेल. सळया घासून, गंजरोधक लावून मगच भरायचं, नुसतं सिमेंट थापून घेऊ नका. आणि आधी गच्ची. गच्चीचं लिकेज सोसायटीच्या खर्चातून करायचं असतं, उपविधीत तसं आहे, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. त्यांनी मुलाच्या वहीचं मागचं पान फाडून मला दिलं आणि मी ते सगळं लिहून दिलं. माझ्या सहीनिशी. बँकेच्या बाहेर माझ्या सहीचा तो पहिला कागद असेल.

चहा ठेवताना त्या म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतंत तर आम्ही काय केलं असतं, असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हणाले, "घर सोडून दिलं असतंत. व्यवहार मोडला असता."

"नाही हो. ह्याच्या शाळेमुळे घेतलंच असतं. बजेटमध्ये दुसरं मिळतच नव्हतं." त्यांनी गॅस बारीक केला. "पण भाव केला असता. काका दोन लाख सोडायला तयार झाले असते. तेव्हा त्यांना घाई होती. आता तेच दोन लाख मला सोनं ठेवून काढायचेत."

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की आपण बोललो तर लोकांची घरं मोडतील. या बाईंना घर मोडायचं नव्हतंच, भाव करायचा होता. आबांनी वडिलांना जेवढं दिलं होतं, तेवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. त्यात निर्णय नव्हता, हमी नव्हती. उतारावरून चालवून दाखवलेला एक पाय होता. चहा मी घेतला. माफी मागायची ठरवून गेले होते, तोंडातून निघाली नाही. निघताना त्यांनी मला डबाभर शेंगदाण्याची चटणी दिली आणि ती नाकारायचा धीर मला झाला नाही.

त्यानंतर मी बँकेला एक पत्र लिहिलं, की आपल्या ज्या ग्राहकाकडून अहवालाची फी घेतो त्याला अहवालाची एक प्रत द्यावी, निदान शेऱ्याचं पान तरी. उत्तर आलेलं नाही. मला अजूनही वाटतं की एवढं झालं तर अर्धा प्रश्न सुटेल, कारण मग मला काही तोंडाने बोलावं लागणार नाही आणि एजंटलाही माझ्या शब्दाचा व्यापार करता येणार नाही. मध्ये एका एजंटने तक्रार केली की मॅडम गिऱ्हाईक बिघडवतात. शाखेतून फोन आला, "तुम्ही ग्राहकाशी काय बोललात?" मी खरं तेच सांगितलं, की मी काही बोलले नाही. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. त्या महिन्यात कामं कमी आली.

मी खरंच बोलत नाही. "घर चांगलं आहे ना" असं विचारलं की आजही "बँकेला कळवते" हेच म्हणते, कारण चांगलं आहे की नाही हे मला आजही माहीत नसतं. एवढंच करते की घेणारं कोणी बरोबर असलं आणि मला काही ऐकू आलं, तर किल्ली पर्समध्ये टाकत नाही.

परवा हडपसरला एक मुलगा आईला घेऊन आला होता. पहिली नोकरी, पहिलं घर. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर खिडकीखाली मला तोच आवाज आला. मी किल्ली त्याच्या हातात दिली. "इथे वाजवा. आता त्या कोपऱ्यात वाजवा." त्याने वाजवलं, माझ्याकडे बघितलं, काय ऐकायचं ते त्याला कळेना. "परत," मी म्हणाले. तिसऱ्या खेपेला आई पुढे झाली. तिने मुलाच्या हातातून किल्ली घेतली, दोन्ही ठिकाणी वाजवली आणि मग खिडकीखाली भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीतलं फोनवरचं बोलणं थांबलं होतं. घरमालक दारात येऊन उभे होते.

"इथला आवाज असा का येतोय?" आईने विचारलं.

माझ्याकडे बघून नाही. दाराकडे बघून.